ऐन, किंजळ, अर्जुन, हिरडा, बेहडा: जातभाई झाडं वेगळी कशी ओळखायची

डिसेंबर उजाडला की माझ्या फोनवर पानांचे फोटो यायला लागतात. तळहातावर ठेवलेलं एकच पान, मागं शेताचा बांध नाहीतर मोटरसायकलची सीट, आणि खाली प्रश्न: "सर, हा ऐन की अर्जुन?" त्या फोटोवरून मलाही सांगता येत नाही. पानाची फक्त वरची बाजू दिसते आणि देठ अर्ध्यातच तुटलेला असतो. ओळखायला जे लागतं ते नेमकं झाडावरच राहून गेलेलं असतं.

ही पाचही झाडं टर्मिनालिया या एकाच वंशातली. बेळगाव-कोल्हापूरच्या सीमेवर खानापूर, जांबोटी, कणकुंबी, चंदगड या पट्ट्यात ती मिसळून उभी असतात, त्यामुळं गोंधळ होणं साहजिक आहे. पण क्रमानं गेलं तर पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक झाडांचा निकाल लागतो. क्रम असा: आधी जागा, मग खोड, मग फांदीवरची पानांची मांडणी, मग देठाजवळच्या पुळ्या आणि शेवटी फळ. बहुतेकजण मधूनच, म्हणजे पानापासून, सुरुवात करतात आणि तिथंच फसतात.

## १. निघण्यापूर्वीची तयारी

सामान फार लागत नाही. वही, पेन्सिल (पावसात पेन चालत नाही), शाळेतली पट्टी, एक भिंग आणि जुनी वर्तमानपत्रं. दुर्बीण असली तर उत्तम, कारण किंजळ आणि बेहडा एवढे उंच जातात की मान दुखते, पण फांदी काही दिसत नाही. भिंग नसेल तर मोबाइलनं फोटो काढून तो मोठा करून बघा, चालतं.

वेळ कुठली धरायची हे जास्त महत्त्वाचं. एकाच फेरीत सगळं जमवायचं असेल तर डिसेंबर ते जानेवारीचा मध्य धरा. तेव्हा पानं अजून झाडावर असतात आणि फळंही धरलेली असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन आणि बेहडा पानं टाकून मोकळे होतात. तेव्हा फळं मिळतात, पानांची मांडणी मिळत नाही. पावसाळ्यात खोडं भिजून सगळीच काळी दिसतात. शिवाय जळवा. जून ते सप्टेंबरमध्ये केलेली ओळख मी स्वतः कच्चीच धरतो.

सावध: एकट्यानं जंगलात शिरू नका. खानापूरच्या रानात अस्वल आणि गवा दोन्ही आहेत. झाडाखाली उभं राहण्याआधी वर आग्यामोहोळ आहे का ते बघून घ्या. फळं पाडायला दगड मारायची सवय असेल तर ती घरीच ठेवून या.

आणखी एक. खानापूर तालुक्यातलं भीमगड हे २०११ पासून अभयारण्य आहे, साधारण १९० चौरस किलोमीटरचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही, पडलेलं फळसुद्धा, उचलून आणता येत नाही. शिकायला जंगलच हवं असंही नाही. रस्त्याकडेची, देवराईतली आणि स्वतःच्या मालकीतली झाडं पुरेशी आहेत.

## २. ऐकलेलं नाव वहीत लिहा, पण पुरावा म्हणून धरू नका

आपल्या भागात नावांनीच निम्मा घोळ होतो. दोन भाषा एकाच बांधावर नांदतात म्हटल्यावर तो व्हायचाच.

ऐनाला कन्नडमध्ये मत्ती म्हणतात, आणि आपली मराठी माणसंही सर्रास मत्तीच म्हणतात. अर्जुन म्हणजे बिळीमत्ती किंवा होळेमत्ती. बिळी म्हणजे पांढरी, होळे म्हणजे नदी. आता कुणी नुसतं "मत्ती" म्हणालं तर त्याला कुठली म्हणायची आहे? बहुतेक वेळा ऐन. पण नदीकाठच्या गावात माणूस अर्जुनालाही मत्ती म्हणून मोकळा होतो. मराठीतही तेच. अर्जुनसादडा म्हणजे अर्जुन आणि नुसता सादडा म्हणजे ऐन. त्यात आसन, असाणा ही नावं आली की संपलंच. ती ऐनालाही लावतात, आणि टर्मिनालियाशी काडीचा संबंध नसलेल्या बिबळा या झाडालाही.

किंजळीला किंदळ म्हणतात, कन्नडमध्ये होनगल किंवा हुणाल. बेहड्याचं कन्नड नाव तारे, हिरड्याचं अळले. या तिघांच्या नावांत एवढी गफलत होत नाही.

मीही यात आपटलोय. मलप्रभेच्या काठी लावायला अर्जुनाची रोपं करायची होती. ओळखीच्या एकानं "मत्तीचं बी आणलंय" म्हणून पोतं आणून दिलं. फळाला पाच पंख दिसले, मी मान हलवली. दोनशे पिशव्या भरून झाल्यावर शेजारचे एक मामा सहज येऊन बसले, उरलेलं एक फळ उचललं आणि उन्हात धरून म्हणाले, "सर, ही होळेमत्ती न्हवं. ही करीमत्ती." करी म्हणजे काळी, म्हणजेच ऐन. त्यांनी फळात काय बघितलं ते सातव्या टप्प्यात येईल. पोतं आणणाऱ्याची चूक नव्हती. मत्ती म्हणाला आणि मत्तीच आणली.

## ३. जागा बघा

झाडाला हात लावण्याआधी आजूबाजूला बघा. पाणी वाहतं किंवा वाहायचं अशी जागा आहे का?

अर्जुन हा काठावरचा गडी. नदी, ओढा, नाला यांच्या कडेला, मुळं पाण्याकडं सोडून उभा. असोग्याजवळ मलप्रभेच्या काठानं चाललात किंवा पूर्वेकडं एखाद्या ओढ्यालगत गेलात तर अर्जुनाची शक्यता आधी धरा. ऐन उतारावर, सपाटीवर, पानगळीच्या रानात कुठंही. किंजळ पावसाच्या पट्ट्यातली. कणकुंबी, जांबोटी, चोर्ला घाट या बाजूला भरपूर, आणि बेळगाव ओलांडून गोकाक-सौंदत्तीच्या कोरड्या बाजूला जावं तशी ती दिसेनाशी होते. बेहडा दोन्हीकडं, एकटा-दुकटा विखुरलेला. हिरड्याची झाडं मध्यम उंचीची, बरीचशी उघड्या रानात.

तपासा: जागेवरून फक्त अंदाज बांधायचा. शहरात, शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला अर्जुन लावलेला असतो, तिथं नदीचा पत्ता नसतो. उलट ओढ्याकाठी ऐनही उगवतो.

## ४. खोड: आधी वीस पावलांवरून, मग हाताच्या अंतरावरून

लांबून रंग बघायचा, जवळून भेगा. दोन्ही एकदम करू नका.

ऐनाचं जून खोड काळपट राखाडी, उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकोन-चौकोन पडलेलं. मगरीची पाठ म्हणतात ती हीच. बोट भेगेत जातं. एकदा नीट बघितलं की जन्मभर विसरत नाही. काही ऐनांच्या खोडाला फुगवटा येतो आणि त्यात उन्हाळ्यात पाणी साठलेलं असतं. ते बघायला म्हणून फुगवट्यावर कोयता मारायची हौस आपल्याकडं आहे. मारू नका.

अर्जुनाचं खोड याच्या अगदी उलट. गुळगुळीत, फिकट राखाडी, त्यावर गुलाबी-हिरवट छटा. सालीचे मोठे, पातळ पापुद्रे सुटून पडतात आणि खाली नव्या सालीचे फिके डाग दिसतात. बुंधा पुष्कळदा खाचखळग्यांचा आणि फाकलेला असतो.

किंजळीचं खोड करडं-तपकिरी आणि खरखरीत. भेगा असतात पण उथळ, ऐनासारखे ठसठशीत चौकोन पडत नाहीत. बेहड्याचं राखेच्या रंगाचं, कधी निळसर झाक असलेलं, बारीक उभ्या रेघांचं. मोठ्या झाडाचा बुंधा पसरट. हिरड्याचं गडद तपकिरी, उभ्या भेगांचं. खरं सांगायचं तर हिरड्याच्या खोडात लक्षात राहील असं काही नाही. तिथं वेळ घालवू नका, पुढं चला.

इथं तीन चुका हमखास होतात.

पहिली, कोवळ्या झाडाची. ऐनाचं खोड मांडीएवढं होईपर्यंत चौकोन नीट पडत नाहीत. तोवर ऐन आणि किंजळ खोडावरून ओळखू म्हणणं म्हणजे अंधारात सुई शोधणं.

दुसरी, दगडफुलाची. कणकुंबीच्या बाजूला पाऊस एवढा की खोडावर शेवाळ आणि दगडफूल चढतं. मग काळा ऐनही पांढुरका दिसतो आणि लोक त्याला अर्जुन म्हणतात. रस्त्याकडेच्या झाडांना चुना फासलेला असेल तर तीच गत. दगडफूल नसलेला ढोपराएवढा तरी पट्टा शोधा आणि तिथल्या भेगा बघा. रंग फसवतो, भेगा फसवत नाहीत.

तिसरी, साल सोलून आतला रंग बघायची. नको. झाडाला जखम होते हा एक भाग. दुसरा भाग तुमच्या कातडीचा: आपल्या रानात रानबिब्बा आहे, ज्याला हुलगिरी म्हणतात. त्याच्या खोडावर चीक वाळून काळे ओघळ दिसतात. तो चीक लागला तर अंगावर फोड येतात. काळे ओघळ दिसले की हात मागं घ्या.

## ५. पानांची मांडणी: सुटं पान घेऊ नका, डहाळी बघा

हा टप्पा लोक सोडून देतात, आणि इथंच बेहडा बाकीच्या चौघांपासून आपोआप वेगळा होतो.

हाताच्या उंचीवरची डहाळी बघा, नाहीतर वाऱ्यानं पडलेली ताजी फांदी शोधा. बघायचं एवढंच: पानं डहाळीवर कशी बसली आहेत?

बेहड्याची पानं फांदीच्या टोकाला झुबक्यानं येतात, एकाआड एक. आणि देठ लांब: तीनपासून आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत. दोन बोटं आडवी धरा, देठ त्यांच्याही बाहेर जातो. पान रुंद. खालून आकाशाकडं बघितलं तर फांदीच्या प्रत्येक टोकाला छत्री उघडल्यासारखं दिसतं.

हिरड्याची पानं जवळजवळ समोरासमोर, थोडी वरखाली. देठ एक ते तीन सेंटिमीटर. कोवळ्या डहाळीवर तांबूस लव असते. पानांवर किडीमुळं फुगीर गाठी आलेल्या पुष्कळदा दिसतात. त्यांना फळ समजू नका. एका मुलीनं वहीत "पानावर फळ येणारं झाड" असं लिहून आणलं होतं. निरीक्षण चोख होतं, अर्थ चुकला.

ऐन आणि अर्जुन, दोघांची पानं समोरासमोर किंवा किंचित वरखाली. अर्जुनाचं पान लांबट, पेरूच्या पानाची आठवण करून देणारं. ऐनाचं जाड, चामड्यासारखं, जास्त रुंद. किंजळीच्या डहाळीवर मजा असते: खालची पानं समोरासमोर आणि शेंड्याकडची एकाआड एक. म्हणून डहाळी पूर्ण बघायची, शेंड्याची दोन पानं नव्हे.

सावध: बुंध्यापासून फुटलेल्या धुमाऱ्यांची पानं कधीही घेऊ नका. भाजावळीसाठी, म्हणजे शेत भाजायला, फांद्या छाटलेल्या ऐनाला आणि किंजळीला पुढच्या वर्षी जी पानं येतात ती दुप्पट मोठी आणि भलत्याच आकाराची असतात. बांधावरची निम्मी झाडं अशी छाटलेली असतात, आणि हाताशी येतात ती नेमकी हीच पानं. मला आलेल्या फोटोंतही बहुतेक हीच.

## ६. पुळ्या शोधा

आता पान उलटं करा. देठ जिथं पानाला मिळतो तिथं भिंग लावा. मोहरीएवढ्या, कधी त्याहून बारीक, दोन पुळ्या दिसतात का? शास्त्रात त्यांना ग्रंथी म्हणतात. त्या असणं ही टर्मिनालियाची मोठी खूण आहे, आणि त्या नेमक्या कुठं आहेत यावरून पुढचा निवाडा होतो.

ऐन: पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेवर, बुडाजवळ. पुळी नुसती चिकटलेली नसते, लहानशा देठावर उभी असते, भोवऱ्यासारखी. कधी दोन, कधी एकच. बोटानं हळू चाचपलं तर टोचल्यासारखी लागते.

किंजळ: खालच्या बाजूलाच, बुडाशी, पण देठाशिवाय. पानाला चिकटून बसलेली.

अर्जुन: पान आणि देठ जुळतात त्या सांध्यावर दोन्ही बाजूंना एकेक.

हिरडा: देठाच्या वरच्या टोकाला, पान सुरू व्हायच्या जरा खाली, जोडीनं.

बेहडा: देठाच्या वरच्या भागात. कधी ठळक, कधी शोधूनही सापडत नाहीत. बेहड्याला तशीही त्यांची गरज पडत नाही.

तपासा: एका पानावर भागवू नका. एकाच झाडाची वेगवेगळ्या फांद्यांवरची निदान दहा पानं उलटी करून बघा. पुळ्या झडतात, किडे खातात, काही पानांवर उमटतच नाहीत. दहातल्या दोन-तीन पानांवर स्पष्ट दिसल्या तरी पुरे. दहाही पानं कोरी निघाली आणि झाड बेहड्यासारखंही दिसत नसेल तर तुम्ही बहुधा वेगळ्याच वंशाच्या झाडाखाली उभे आहात. आठवा टप्पा बघा.

## ७. फळ

वाद मिटतो तो इथं. आणि फळ मिळवणं अवघड नसतं, कारण गेल्या वर्षीची वाळकी फळंही झाडाखाली पाचोळ्यात सापडतात. फक्त ती त्याच झाडाची आहेत याची खात्री करा. पंखवाली फळं वाऱ्यानं उडून शेजारच्या झाडाखाली जातात. बुंध्याजवळ निदान वीस-पंचवीस सारखी फळं असतील, किंवा वर फांदीवर तशीच लटकलेली दिसत असतील, तरच धरा.

पहिला प्रश्न: फळाला पंख आहेत का?

पंख नाहीत, फळ गरगरीत आहे: हिरडा किंवा बेहडा. अंगठ्यानं चोळा. बेहड्याचं फळ मखमली असतं, राखाडी-तपकिरी लव असलेलं, दोन ते तीन सेंटिमीटरचं, गोलसर. हिरड्याचं फळ तुळतुळीत, लांबट, हिरवट-पिवळं, अडीच ते चार सेंटिमीटरचं. वाळल्यावर हिरड्यावर पाच-सहा ठसठशीत कंगोरे उभे राहतात. बेहड्यावरही पाच कंगोरे येतात, पण अंधुक. आणि छोटे, काळे, आत कडक बी नसलेले हिरडे सापडले तर ते वेगळं झाड नव्हे, कच्चेपणीच गळून वाळलेला तो बाळहिरडा.

चव घेऊन ओळखायला जाऊ नका. टॅनिनमुळं ही सगळीच मंडळी तुरट. तोंड वाकडं होईल, पण ओळख काही पटणार नाही.

पंख आहेत: मोजा.

तीन पंख, त्यातला एक मोठा आणि दोन छोटे: किंजळ. फळ जेमतेम सेंटिमीटरभराचं. एखादं चिमटीत धरून बघा, एका बाजूला भलामोठा कान फुटल्यासारखं दिसतं. किंजळीला पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान, फिकट पांढरा मोहोर येतो. मग फळं धरली की अख्खा शेंडा तांबूस होतो. नोव्हेंबरच्या शेवटी चोर्ल्याच्या रस्त्यानं गोव्याकडं उतरताना दरीत गंजलेल्या लाल रंगाचे जे गोल शेंडे दिसतात, ती किंजळ. लोक त्याला फुलं समजतात. ती फळं आहेत. या एका खुणेवर किंजळ अर्ध्या किलोमीटरवरून ओळखता येते. वर्षातले दोन महिने तरी हे झाड सोपं होतं.

पाच सारखे पंख: ऐन किंवा अर्जुन. आणि इथंच ते मामा.

फळ उन्हाकडं धरा. पंखावर बारीक रेघा दिसतील. ऐनाचे पंख रुंद आणि कागदासारखे पातळ. रेघा मधल्या दांड्यापासून निघून सरळ आडव्या कडेपर्यंत जातात, फणीच्या दातांसारख्या. अर्जुनाचे पंख अरुंद आणि जाड. रेघा दांड्यापासून निघतात आणि वरच्या दिशेला वळतात. फळाच्या आकारमानावर जाऊ नका. ऐनाचं फळ साधारण चार-पाच सेंटिमीटर, अर्जुनाचं अडीच ते पाच, म्हणजे दोघांचं माप एकमेकांत मिसळतं. रेघा बघा.

मामांनी नेमकं हेच केलं होतं. फळ उन्हात धरलं, रेघा आडव्या दिसल्या. शाळेत जे शिकवायला मला भिंग लागतं ते त्यांनी डोळे बारीक करून सांगितलं.

तपासा: पाच पंख, पण रेघा नीट दिसत नाहीत? फळ कुजकं असेल. पाचोळ्यात एक पावसाळा काढलेल्या फळाचे पंख झिजून दांडे उरतात आणि ऐनाचं फळ अर्जुनासारखं अरुंद दिसायला लागतं. तसं फळ टाका आणि ताजं शोधा.

## ८. टर्मिनालिया नसलेले सोंगाडे

पुळ्या मिळाल्या नाहीत किंवा फळ यातल्या कशातच बसलं नाही, तर पुढच्यांपैकी कुणी आहे का ते बघा.

नाणा हा अर्जुनाचा सगळ्यात मोठा तोतया. कन्नडमध्ये नंदी. खोड तसंच फिकट, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारं. जंगलाच्या आत, पाण्यापासून लांब "अर्जुन" दिसला म्हणून कुणी सांगितलं की मी आधी नाण्याचाच संशय घेतो. पानावर पुळ्या नाहीत. फळ म्हणजे लाकडी बोंड, वाळलं की पाकळ्यांसारखं उकलतं आणि तसंच झाडावर बरेच महिने राहतं.

धावडाही पांढुरक्या खोडाचा (नव्या वर्गीकरणात काहीजण त्यालाही टर्मिनालियातच धरतात), पण तो कोरड्या बाजूचा, गोकाककडचा. पानं बरीच लहान, आणि फळं सदऱ्याच्या गुंडीएवढ्या गोल झुबक्यात.

कुंभ्याची पानं बेहड्यासारखी टोकाला झुबक्यानं येतात, पण कडेला बारीक दाते असतात. बेहड्याच्या पानाची कड साफ. एवढं पुरे.

बिब्ब्याचीही मोठी पानं टोकाला एकवटतात, खालून राखट दिसतात. फळाच्या बुडाशी नारिंगी पेला. त्याच्या फळाचा चीक अंगावर उततो हे घरातल्या जुन्या बायकांना वेगळं सांगायला नको. म्हणून अनोळखी पान चुरगाळून वास घ्यायची सवय सोडा.

शहरातला देशी बदाम मात्र खरोखरच टर्मिनालिया आहे. फांद्या मजल्यामजल्यानं, पान शेंड्याकडं रुंद आणि बुडाकडं निमुळतं, गळण्याआधी लालभडक. त्याच्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही.

## ९. नोंद आणि फोटो

आता फोटो काढा, आधी नव्हे. आणि एक नव्हे, पाच काढा: पूर्ण झाड जागेसकट, खोड हाताच्या अंतरावरून (शेजारी पट्टी धरून), पूर्ण डहाळी, उलट्या पानाचा देठ जवळून, आणि फळ उजेडाकडं धरून. हे पाच फोटो पाठवलेत तर मी दोन मिनिटांत उत्तर देतो. मोबाइलमधल्या झाडं ओळखणाऱ्या ॲपलाही एकट्या पानाऐवजी डहाळी आणि फळ दाखवा. नुसत्या पानावर ती ऐनाला किंजळ म्हणतात, किंजळीला आणखी काही.

वहीत प्रत्येक टप्प्याला एक ओळ. दिसलं ते लिहा, वाटलं ते नको. "ऐनासारखं खोड" असं लिहू नका. "काळपट, चौकोनी भेगा, बोटाचं पेर आत जातं" असं लिहा. नाव सगळ्यात शेवटी, आणि नावापुढं खात्रीची खूण. मी तीन खुणा वापरतो. फळ बघितलं असेल तर बरोबरची खूण. फळ नाही पण मांडणी आणि पुळ्या दोन्ही जुळल्या तर एक टिंब. बाकी सगळ्याला प्रश्नचिन्ह. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीसाठी किंवा बी गोळा करण्यासाठी फक्त बरोबरची खूण असलेली झाडं धरा. साल औषधाला देणाऱ्यांनी तर नक्कीच. बाजारात अर्जुनाच्या सालीत ऐनाची साल मिसळलेली असते, आणि सोलून वाळवलेल्या तुकड्यांवर वर सांगितलेली पानाफळाची एकही खूण उरत नाही. ओळख उभ्या झाडापाशीच व्हायला हवी.

माझ्या वहीतली एक नोंद नमुन्यादाखल देतो. ओढ्याच्या काठावरचं झाड होतं, खोडाच्या वरच्या भागावर दगडफूल होतं, आणि तेव्हा ऑगस्ट चालू होता:

"ओढ्यापासून सहा पावलं. खोड लांबून पांढुरकं, ढोपराखाली काळपट, चौकोनी भेगा. पानं समोरासमोर, जाड. दहापैकी चार पानांवर खालून शिरेवर पुळी, देठावर उभी. फळ नाही. ऐन, टिंब. जानेवारीत परत."

जानेवारीत परत गेलो. फांदीवर फळं होती, एक खाली पडलेलं उचललं. रेघा आडव्या. टिंब खोडून बरोबरची खूण केली.